अंगात येणे आणि न सांधलेले मन

गेल्या महिन्यात उलव्यातीलच एका वाचकभगिनीचे सात पानी पत्र त्यांच्या चिरंजीवांनी आमच्या घरी आणून दिले. ते वाचून झाल्यावर ह्या महिन्यासाठी योजलेला विषय आम्ही बाजूस ठेवला. लेखिकेच्या अनुमतीने, आणि कोणाची ओळख पटू नये इतके तपशील बदलून, पत्रातील हकीकत येथे देत आहोत.

कुटुंब एकत्र आहे. पूर्वी वाड्यात नांदणारी ही मंडळी आता उलव्यातील एका उंच इमारतीत, एकाच मजल्यावरील दोन लगतच्या सदनिकांत राहतात. चूल एक, देवघर एक. पत्रलेखिका थोरल्या सूनबाई. त्यांची धाकटी जाऊ तिशीच्या आतबाहेरची, सुशिक्षित, नोकरी करणारी, स्वभावाने मवाळ. दीड वर्षापासून तिच्यात विलक्षण पालट दिसू लागला आहे. कधी ती पाच-सहा वर्षांच्या मुलीसारखे बोबडे बोलते आणि पलंगाखाली जाऊन बसते. कधी तिचा आवाज एकाएकी करडा होतो, सासऱ्यांसही ती अरेतुरे करते, आणि ‘तिला हात लावाल तर याद राखा’ असे बजावते. ‘तिला’ म्हणजे स्वतःलाच! तासाभराने भानावर आली म्हणजे ह्यातले काहीही तिला आठवत नाही. एकदा तर कचेरीतून निघालेली ती बेलापूरच्या स्थानकावर बसलेली आढळली; तेथे आपण कसे आलो हे तिचे तिलाच सांगता येईना. सासूबाईंच्या मते ही बाधा आहे. दिरांच्या मते हे सोंग आहे. नवरा गप्प आहे. येत्या अमावास्येस एका भगताकडे नेण्याचे घाटत आहे. पत्राच्या अगदी शेवटी, सही करून झाल्यावर, बारीक अक्षरात एक वाक्य आहे. तिच्या माहेरचे एक वडीलधारे गृहस्थ मुक्कामास आले म्हणजे हा प्रकार वाढतो असे मला वाटते, पण हे मी कोणाशी बोलू?

आम्ही वैद्य नव्हे. अशी लक्षणे अपस्माराच्या काही प्रकारांत, मेंदूच्या अन्य विकारांत किंवा एखाद्या औषधाच्या परिणामानेही दिसू शकतात. म्हणून निदान मनोविकारतज्ज्ञानेच, शारीरिक तपासण्या करवून, करावयाचे असते. तथापि ज्या घरात असा प्रसंग येतो त्या घराने काय करावे आणि काय करू नये, ह्याविषयी बरेचसे ज्ञान आज उपलब्ध आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही एवढेच.

प्रथम ‘अंगात येणे’ ह्याचाच विचार करू. ही गोष्ट आपल्या घरांना परकी आहे असे कोणी म्हणू नये. चित्तपावनांच्या घरी नवरात्रातील अष्टमीस उकडीच्या मुखवट्याची महालक्ष्मी उभी राहते, लग्नानंतरची पहिली पाच वर्षे नववधू तिची पूजा करतात, आणि रात्री घागरी फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवीचा संचार होतो. तिला प्रश्न विचारतात, तिची ओटी भरतात. पहाटे देवी जाते, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पोळ्या लाटावयास बसते. ह्यास कोणताही शहाणा वैद्य रोग म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या अकराव्या रोगवर्गीकरणाचा अंमल १ जानेवारी २०२२ पासून सुरू झाला, त्यात हा विवेक स्पष्ट केलेला आहे. समाजाने मान्य केलेल्या धार्मिक विधीत, त्या विधीपुरता होणारा संचार हा विकार नव्हे. जो संचार नकोसा असतो, माणसाच्या इच्छेविरुद्ध येतो, त्याचे जगणे विस्कटून टाकतो आणि विधीच्या बाहेर घडतो, तो विकार. त्यातही वर्गीकरणाने दोन खाती ठेवली आहेत. बाहेरच्या देवतेने किंवा भूताने पछाडले असा ज्यात अनुभव असतो तो एक. आणि एकाच माणसात दोन किंवा अधिक ‘मी’ आळीपाळीने कारभार हाती घेतात, मध्ये स्मृतीचे खंड पडतात, तो दुसरा. ह्या दुसऱ्यास पूर्वी ‘बहुव्यक्तित्व’ म्हणत. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांनी १९९४ साली ते नाव बदलून विच्छिन्न अस्मितेचा विकार अशा अर्थाचे नाव दिले.

येथे एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. स्किझोफ्रेनिया ह्या ग्रीक धातूंपासून बनविलेल्या शब्दाचा अर्थ दुभंगलेले मन असा होतो, आणि मराठीत त्याचे ‘छिन्नमनस्कता’ असे व्युत्पत्तीला धरून भाषांतर झाले. भाषांतर निर्दोष, परंतु परिणाम अनिष्ट! त्या शब्दामुळे लोक समजतात की स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहातील दोन माणसे. तसे नाही. त्या रोगात विचार, भास आणि वास्तवाचे भान बिघडते. त्याचा औषधोपचार निराळा आहे. आवाज ऐकू येणे हे लक्षण दोहोंत असू शकते, आणि म्हणून विच्छिन्न अस्मितेचे रुग्ण कित्येक वर्षे चुकीच्या नावाखाली औषधे घेत राहतात. निदान नीट झाले पाहिजे असा आमचा आग्रह आहे तो ह्यासाठी.

आपल्या महाराष्ट्रात ह्या जातीचे एक प्रकरण चांगलेच गाजले होते. साल १९७४, स्थळ नागपूर. नागपूर विद्यापीठात लोकप्रशासन हा विषय शिकविणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या एक अविवाहित मराठी बाई स्वतःस ‘शारदा’ म्हणवू लागल्या. शारदा बंगाली बोले, बंगाली धर्तीने साडी नेसे, आईबापांस ओळखत नसे, आणि आपण फार पूर्वीच्या बंगालमधील विवाहित स्त्री असून सर्पदंश झाला होता असे सांगे. हा पालट पुष्कळदा अष्टमीच्या सुमारास होई; कधी एखादा दिवस टिके, तर एकदा चाळीस दिवसांवर टिकला. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. इयन स्टीव्हन्सन आणि बंगळूरच्या डॉ. सतवंत पसरिचा ह्यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात ‘दुय्यम व्यक्तित्व’ म्हणून त्याची नोंद केली. १९८४ च्या आपल्या ग्रंथात स्टीव्हन्सन ह्यांनी त्याचा विस्ताराने विचार केला, आणि प्रा. अकोलकर ह्यांचा दीर्घ अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. बाईंचे नाव ह्या ग्रंथांत छापलेले आहे. आम्ही ते येथे घेत नाही, कारण आमच्या विषयास त्याची गरज नाही.

वाद कशाचा झाला? शारदा खरोखर पूर्वजन्मीची की नव्हे, तिचे बंगाली जुने की नवे, तिने सांगितलेली नावे कोणत्या वंशावळीत सापडतात, ह्याचा. पूर्वजन्माच्या पक्षाचे लोक एकीकडे. बाईंनी बंगाली लिपीचा थोडा अभ्यास केला होता आणि बंगाली कादंबऱ्यांची भाषांतरे वाचली होती, हे दाखविणारे दुसरीकडे. वाद मोठा रोचक आहे, आणि त्याचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाही. त्या बाईंच्या आयुष्यात अमुक आघात झाला होता असेही आम्ही सुचवीत नाही. परंतु शारदेची जितकी चर्चा लोकांत झाली तितकी शारदा आल्यावर जिचे दिवसचे दिवस नाहीसे होत त्या बाईची झाली नाही, हे मात्र खरे. चमत्कार पाहावयास सारे गाव जमते. ज्या घरात चमत्कार घडतो त्या घरातील माणसास काय होते, हे विचारावयास फारसे कोणी येत नाही. चित्रपटांनीही हेच केले. ‘भूलभुलैया’ २००७ साली आला तेव्हापासून तर कोणी थोडे डोळे मोठे केले की पोरे त्यातल्या नायिकेचे नाव घेऊन हसतात.

आता ह्या विकाराच्या मुळाकडे जाऊ. फ्रान्समधील पिएर जाने ह्या मानसशास्त्रज्ञाने १८८९ च्या आपल्या प्रबंधात असे मांडले की सहन करण्यापलीकडचा अनुभव आला असता मन तो आपल्या मुख्य प्रवाहात घेत नाही. तो निराळा राहतो आणि निराळा राहूनच कार्य करीत असतो. पुढे फ्रॉइडच्या प्रभावाने जाने मागे पडला; विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तज्ज्ञ पुन्हा त्याच्याकडे वळले. आज ह्या विषयात काम करणाऱ्या बहुसंख्य चिकित्सकांचे मत असे की, जन्मतः कोणाचाही ‘मी’ एकसंध नसतो. तान्ह्या मुलाची भूक, भीती, राग, आनंद ह्या सुट्या सुट्या अवस्था असतात. सांभाळणाऱ्या माणसाच्या मायेने त्या हळूहळू एकमेकींत मिसळतात. संस्कृत शिकविताना आम्ही मुलांस सांगत असू की पदे आधी सुटी असतात, संधी मागाहून होतो. अगदी लहान वयात वारंवार मार, लैंगिक अत्याचार किंवा जीवघेणी भीती वाट्यास आली, आणि जिच्याकडे धाव घ्यावयाची तीच व्यक्ती भीतीचे कारण झाली, तर हा संधी होतच नाही. शाळेत जाणारी, हसणारी एक. रात्री जे घडते ते जाणणारी दुसरी. आणि दुसरीचे रक्षण करणारी, दात-ओठ खाणारी तिसरी. फुटलेल्या भांड्याची उपमा लोक देतात, ती आम्हांस पटत नाही. भांडे पूर्वी अखंड असले तर फुटावयाचे. येथे ते घडलेच नव्हते; आणि असे असूनही ते मूल जगले, शिकले, नोकरीस लागले, ते ह्या न सांधलेपणाच्या आधारावरच.

दुसरा पक्षही सांगितला पाहिजे. काही विद्वानांचे म्हणणे असे की चित्रपट, पुस्तके आणि उतावळे चिकित्सक ह्यांच्या सूचनेने रुग्ण असे बोलावयास शिकतो. १९७३ मध्ये अमेरिकेत ‘सिबिल’ ह्या नावाचे पुस्तक फार खपले आणि त्यानंतर असे रुग्ण भराभर निघू लागले. पुढे त्या पुस्तकाच्या सत्यतेबद्दलच गंभीर शंका उपस्थित झाल्या. म्हणून चांगला चिकित्सक स्वतःहून काही सुचवीत नाही, संमोहनाने आठवणी उकरीत नाही, आणि वर आलेली प्रत्येक आठवण जशीच्या तशी घडली असेही म्हणत नाही. परंतु सूचनेने काही रुग्ण बनतात एवढ्यावरून सारेच रुग्ण बनावट ठरत नाहीत. ह्या विकाराच्या बाह्यरुग्णांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिकांनी केव्हा ना केव्हा आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो, असे अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांची संघटना सांगते. सोंग करणारा माणूस इतकी किंमत देत नाही, हे पत्रातील दीरमहाशयांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या पिढीतील मंडळी म्हणतील की आपल्या शास्त्रांत ह्यास उत्तर असलेच पाहिजे. उत्तर आहे, पण अर्धे. चरकाने आगंतु उन्मादाचे, म्हणजे देव, गंधर्व, पिशाच इत्यादींच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या उन्मादाचे, प्रकार वर्णिले आहेत. आणि तेथेच निदानस्थानात असेही बजावले आहे की जो स्वतः क्लिष्ट नाही त्यास देव किंवा राक्षस क्लेश देत नाहीत, म्हणून दुखण्याचा दोष त्यांच्यावर लादू नये. इतक्या प्राचीन काळी एवढा स्वच्छ विचार! येथवर आम्ही हात जोडतो. परंतु पुढे तो दोष प्रज्ञापराधाचा, म्हणजे रुग्णाच्याच बुद्धीच्या चुकीचा, ठरतो. पाच वर्षांच्या पोरीचा प्रज्ञापराध कोणता? तिने अमक्याच्या मांडीवर बसावयास नको होते, हा? भूतावर दोष घालणे सोडून आपण तो पोरीवर घातला, तर भूत बरे होते असेच म्हणावे लागेल. भुताच्या बाधेत निदान तिची अब्रू शाबूत राही.

उपचार कसा चालतो हे वाचकांस फार करून ठाऊक नसते. औषधाच्या गोळीने दोन ‘मी’ एक होत नाहीत. गोळ्या झोप, उदासीनता, धास्ती ह्यांपुरत्या उपयोगी पडतात. मुख्य उपचार बोलण्याचा, आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि तो वर्षानुवर्षे चालतो. जाने ह्यानेच त्याच्या तीन पायऱ्या कल्पिल्या होत्या. १९९२ मध्ये ज्यूडिथ हर्मन ह्या अमेरिकन विदुषींनी त्या नव्याने मांडल्या, आणि ह्या विकाराच्या चिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०११ साली सुधारलेल्या मार्गदर्शनातही त्याच आहेत.

पहिली पायरी सुरक्षिततेची, आणि बहुतेक वेळ तिच्यावरच जातो. जुन्या गोष्टी उकरावयाच्या नाहीत; आधी आज जिवंत राहावयाचे, झोपावयाचे, जेवावयाचे, स्वतःस इजा करावयाची नाही. मन भूतकाळात ओढले जाऊ लागले की त्यास वर्तमानात परत आणण्याच्या साध्या युक्त्या शिकवितात. पाय जमिनीवर टेकवून फरशीचा थंडपणा अनुभवणे, समोरच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, आजची तारीख व आपले वय म्हणणे, आले चघळणे, खरकोपरकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज कान देऊन ऐकणे. वाचकांस हे पोरखेळ वाटतील. परंतु ज्या बाईच्या मनात पाच वर्षांची पोर अद्याप त्याच खोलीत अडकून आहे, तिला ‘हे साल निराळे, हे घर निराळे, दार आतून उघडते’ हे पटविणे हाच निम्मा उपचार आहे.

ह्याच पायरीवर चिकित्सक त्या सर्व ‘मीं’शी ओळख करून घेतो. तो कोणासही हाकलीत नाही. घरच्यांस हे फार जड जाते. मवाळ सून आपली, आणि अरेतुरे करणारी ती परकी, असे ते मानतात. ‘हिला घालवा’ म्हणून विनवितात. परंतु जी शिव्या देते तीच बहुधा रक्षणकर्ती असते. जेव्हा दुसरे कोणीही रक्षण करीत नव्हते तेव्हा तिने केले. तिला घालविण्याचा प्रयत्न केला तर ती अधिक चवताळते. ‘तुझ्या राखणीमुळे ही वाचली’ असे तिला म्हटले, तर ती हळूहळू ऐकू लागते.

दुसऱ्या पायरीवर त्या आठवणी थोड्या थोड्या, सोसतील तितक्याच, बोलल्या जातात. घाई केली तर रुग्ण ढासळतो, आणि मग पहिल्या पायरीवर परतावे लागते. तिसऱ्या पायरीवर ते सर्व ‘मी’ एकमेकांचे स्मरण व दुःख वाटून घेऊ लागतात. काहींचे पूर्ण ऐक्य होते. काहींचे होत नाही. त्यांच्यात सलोखा होतो, स्मृतीचे खंड भरतात, आणि तेवढ्यावर माणूस चांगला संसार करू शकतो. अमेरिकेतील बेथनी ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उपचाराखालील सुमारे २८० रुग्णांचा, १९ देशांत, ३० महिन्यांपर्यंत पाठपुरावा केला. त्यांत स्वतःस इजा करणे व रुग्णालयात दाखल व्हावे लागणे कमी झालेले आढळले. तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला गट त्यात नव्हता, हे सांगितले पाहिजे. तरी दिशा आशादायक आहे.

किती काळ लागतो? अमेरिकेतील क्रिस कॉस्टनर साइझमोर ह्या बाईंवर १९५७ साली ‘ईव्हचे तीन चेहरे’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट निघाला. त्यात त्या शेवटी बऱ्या होतात. प्रत्यक्षात त्या तेव्हा बऱ्या झाल्या नव्हत्या. चेहरे तीन नसून कालांतराने वीसहून अधिक झाले, आणि खरे स्थैर्य येण्यास आणखी सुमारे वीस वर्षे व दुसरा डॉक्टर लागला. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने आपली कथा लिहिली, पुढे चित्रे काढली, व्याख्याने दिली, आणि २०१६ साली वृद्धापकाळी त्या वारल्या. अमावास्येच्या एका रात्रीत बरे करून देतो म्हणणाऱ्याच्या दारी जाण्यापूर्वी ह्या वीस वर्षांचा विचार करावा.

आता ज्या वाक्यासाठी आम्ही हा विषय घेतला त्याकडे येतो. पहिली पायरी सुरक्षिततेची, असे आम्ही म्हटले. पण ज्याच्यापासून सुरक्षित राहावयाचे तोच दिवाळीस चार दिवस मुक्कामास येत असेल, आणि वाकून नमस्कार करावयास तिला हाक मारली जात असेल, तर ठाण्या-मुंबईचा सर्वोत्तम चिकित्सकही काय करणार? आठवड्यातून एक तास तो बांधतो. घर एका नमस्कारात ते पाडते.

त्या गृहस्थांनी काही केले आहे काय, हे आम्हांस ठाऊक नाही, पत्रलेखिकेसही नाही. ते ठरविण्यासाठी घरात न्यायालय भरवू नये, आणि त्या मुलीस खोदखोदून तर मुळीच विचारू नये. परंतु तिला त्रास होतो हे दिसत असता त्यांचा मुक्काम थांबविण्यास पुरावा कशाला हवा? पाहुण्यास पनवेलच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात उतरविता येते. कोणाच्याही पाया पडण्याची सक्ती नाही, असा नियम घरातील सर्व सुनामुलींसाठी एकदम करता येतो, म्हणजे तिचीच चर्चा होत नाही. हे करण्याचा अधिकार धाकट्या सुनेस नाही, थोरल्या सुनेसही पुरता नाही. तो सासूसासऱ्यांस आहे. आम्ही त्याच वयाचे असल्यामुळे स्पष्ट लिहितो. ‘घरातली गोष्ट घरात’ ह्या म्हणीखाली आपल्या पिढीने पुष्कळ झाकले. झाकण्याने घराण्याचे नाव टिकले असेल, पण त्याचे भाडे कोणीतरी एक मूल भरीत राहिले. आणि असा मनुष्य आजही मुलाबाळांत वावरत असेल तर गोष्ट नुसती भूतकाळाची उरत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे ज्यास कळेल त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने ठरविले आहे. त्यातून आजोबा-आजी सुटलेले नाहीत.

भगताविषयी थोडक्यात. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे भूत उतरविण्याच्या निमित्ताने बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास आहे. कायदा सोडून द्या. लहानपणी जिला कोणी धरून ठेवले असेल तिला पुन्हा चौघांनी धरून ठेवणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी. सासूबाईंची श्रद्धा असेल तर त्यांनी घरी देवापुढे दिवा लावावा, स्तोत्र म्हणावे. त्यास कोणाची हरकत नाही.

उलव्यातून जावे कोठे? बामणडोंगरीहून नेरुळ, तेथून गाडी बदलून ठाणे. तेथे १९०१ मध्ये स्थापन झालेले शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने दचकण्याचे कारण नाही. डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी १९९० साली सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्थाही ठाण्यातच आहे. केंद्र शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ ह्या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे मराठीत बोलता येते. ‘मला जगावयाचे नाही’ असे कोणत्याही आवाजात ऐकू आले, तर भेटीची तारीख मिळण्याची वाट न पाहता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जावे. चिकित्सक निवडताना, आघातातून आलेल्या विकारांवर काम केले आहे काय, असे सरळ विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारास शरीराच्या आजाराप्रमाणेच विमा द्यावा असेही सांगितले आहे. नवऱ्याने बरोबर जावे, बाहेर बसावे, आणि परतताना ‘काय बोललीस?’ असे विचारू नये.

घरच्यांनी एवढे मात्र करू नये. ‘आता ती दुसरी आण पाहू’ असे म्हणू नये. मोबाइलवर चित्रण करू नये. डॉक्टरांनी मागितले तर तिच्या संमतीने करावे. भानावर आल्यावर ‘तू असे असे बोललीस’ म्हणून तिच्यापुढे यादी वाचू नये. ती पलंगाखाली गेली तर ओढून काढू नये; चार हातांवर बसून, आपले नाव सांगून, आज कोणता वार आहे व घरात कोण कोण आहे हे सावकाश सांगावे.

पत्रलेखिकेने आणखी एक विचारले आहे. धाकट्या जावेचा सात वर्षांचा मुलगा आई पलंगाखाली गेली की आपली मोटार घेऊन तिच्याजवळ सरपटत जातो. आई खेळते आहे असे त्यास वाटते. त्यास खेळू द्यावे काय? आमच्या मते देऊ नये. आईची सोबत करण्याचे काम त्या वयाचे नव्हे. तशा वेळी काकूने किंवा आजीने त्याला सहज हाक मारून खाली बागेत न्यावे. त्याने विचारले तर खोटे सांगू नये. ‘आईला कधी कधी फार जुनी भीती आठवते, त्यात तुझी काही चूक नाही, डॉक्टर तिला मदत करीत आहेत’, एवढे त्यास समजते. भीती कसली, हे त्याने विचारले तर ते सांगण्याचा हक्क त्याच्या आईचा आहे, ती सांगेल तेव्हा. आणि ती भानावर आली म्हणजे ती मोटार तिच्या हाती द्यावी. मग त्या दोघांना हवे तितके खेळू द्यावे.